‘थेरपी म्हणजे पैसे देऊन गप्पा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सोलापुरातल्या पालकांच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: काउन्सेलिंग म्हणजे पैसे मोजून मारलेल्या गप्पा, आमच्या वेळी डिप्रेशन नव्हतं, पोराला दोन महिने लूमवर (कापडाच्या यंत्रमागावर) उभं करा, आपोआप ताळ्यावर येईल, गोळ्या लागल्या की जन्मभर सुटत नाहीत, आणि मरणाचा विषय मुलांपुढे काढूच नका, नसता विचार डोक्यात शिरतो. मी ज्युनिअर कॉलेजात शिकवते. हा मेसेज वाचून एका आईने मुलीची ठरलेली अपॉइंटमेंट रद्द केली, म्हणून हे लिहायला बसले.

आधी गप्पांचं. सीबीटी, म्हणजे मनातले विचार आणि वागणं तपासून बदलायला शिकवणारी थेरपी. ही पद्धत ॲरन बेक या मनोविकारतज्ज्ञाने १९६० च्या दशकात बांधली आणि तिच्यात घरी करायचा अभ्यास असतो. माझ्या एका विद्यार्थ्याने मला त्याची वही दाखवली. त्याला विचारूनच सांगते. पानावर चार रकाने. प्रसंग: ‘सरांनी फळ्यापाशी बोलावलं.’ मनात आलेलं वाक्य: ‘मला येणार नाही, सगळे हसतील.’ भीती, शंभरपैकी: ९०. पुरावा: ‘मागच्या वेळी चुकलो तेव्हा दोघं हसले, बाकीचे वहीत उतरवून घेत होते.’ त्याखाली पुन्हा आकडा, ५५. शेजारच्या पानावर पायऱ्या होत्या: गेटपर्यंत येऊन परत जायचं, मग एकच तास बसायचं, मग शेवटच्या बाकावरून एक प्रश्न विचारायचा. भीती वाटली म्हणून मधूनच पळ काढायचा नाही. घरच्यांच्या गप्पा आणि माया हवीच, पण हे काम तेवढ्याने होत नाही. स्वतःला इजा करणाऱ्या मुलांसाठी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांची डीबीटी ही थेरपी आहे; भावनेचा लोंढा आला की तेवढा वेळ निभावून कसा न्यायचा, याची कौशल्यं तिच्यात शिकवतात.

‘आमच्या वेळी नव्हतं’ याला फार उत्तर लागत नाही. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासून उभं आहे, तेव्हा कुणाच्या हातात मोबाइल नव्हता. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना मानसिक आजार आढळला, आणि त्यातल्या बहुतेकांवर कसलेच उपचार चालू नव्हते.

लूमच्या मुद्द्यात मात्र खऱ्याचा अंश आहे. हालचाल आणि काम यांनी नैराश्य हलकं होतं. ‘बरं वाटलं की उठेन’ म्हणत पडून राहणाऱ्या मोठ्या माणसालाही थेरपिस्ट उलटा क्रम लावून देतात: आधी सकाळचं एक छोटं काम, बरं वाटणं मागून येतं. पण ते काम झेपेल एवढं असतं, त्या माणसाला विचारून ठरवलेलं असतं आणि हळूहळू वाढवलेलं असतं. झोप उडालेल्या सोळा वर्षांच्या मुलाला शिक्षा म्हणून अक्कलकोट रोडच्या कारखान्यात बारा तास उभं केलं, तर ‘मी नालायक आहे’ हे त्याच्या मनातलं वाक्य आणखी पक्कं होतं.

या मेसेजमध्ये आईबाप कुठेच नाहीत, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी चिंताग्रस्त मुलांसाठी ‘स्पेस’ नावाची पद्धत तयार केली. तिच्यात थेरपिस्टकडे फक्त पालक जातात. मूल घाबरतं म्हणून त्याच्या वतीने फोन करणं, त्याच्याशेजारी झोपणं, त्याची शाळा बुडवू देणं हे पालक टप्प्याटप्प्याने थांबवतात आणि ‘तुला भीती वाटते हे कळतंय, तुला हे जमेल’ असं म्हणायला शिकतात. १२४ मुलांच्या अभ्यासात या पद्धतीचा परिणाम मुलांना थेट दिलेल्या सीबीटीइतकाच दिसला. ‘पोराला तेवढं बघा डॉक्टर, आम्ही बाहेर थांबतो’ म्हणणाऱ्या वडिलांनी आत जावं, ते यासाठी.

आता गोळ्या. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचं दारू-तंबाखूसारखं व्यसन लागत नाही. परिणाम दिसायला काही आठवडे जातात, आणि त्या एकदम बंद करायच्या नसतात, डॉक्टर हळूहळू कमी करतात. पंचविशीच्या आतल्या रुग्णांवर सुरुवातीच्या आठवड्यांत बारीक लक्ष ठेवावं लागतं, कारण काहींच्या मनात आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेत २००४ साली नैराश्य असलेल्या १२ ते १७ वयाच्या ४३९ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांनी नुसत्या सीबीटीने ४३ टक्के, नुसत्या फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळीने ६१ टक्के आणि दोन्ही मिळून ७१ टक्के मुलं सुधारली. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. प्रत्येकाला गोळी लागतेच असं नाही; ते तपासून ठरतं.

शेवटचा मुद्दा जिवावर बेतणारा आहे. विचारल्याने विचार शिरत नाही; जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. ‘जगणं नकोसं वाटतं का रे? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?’ असं सरळ विचारा. ‘हो’ म्हणाला तर ओरडू नका, शपथा घालू नका. त्याला एकटं सोडू नका, घरातली औषधं आणि कीटकनाशक त्याच्या हाती लागणार नाही असं ठेवा, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आपल्या सिव्हिलमध्ये मनोविकार विभाग आहे, केसपेपर काढून दाखवता येतं. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.