टब बंद पडला? डायरेक्ट करा!

जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकत असताना गच्चीवर गरम पाण्याचा टब बसवलात, त्याबद्दल आधी अभिनंदन. पुण्याच्या व्याह्यांनी बसवला म्हणून आपणही बसवायचा, यापेक्षा सबळ कारण लागतं कशाला? आता तो बंद पडलाय, पॅनेलवर कसलीतरी अक्षरं लुकलुकताहेत, आणि तुम्हाला सल्ला हवाय. घ्या.

सोबत आलेली पुस्तिका उघडू नका. ‘एफएलओ’ म्हणजे पाण्याचा प्रवाह कमी, ‘ओएच’ म्हणजे पाणी प्रमाणाबाहेर तापलं, असली रसभंग करणारी माहिती तिच्यात असते. आधी फिल्टर धुवा, पाण्याची पातळी पाहा, म्हणे! फिल्टर धुतल्यावर टब सुरू झाला, तर चारचौघांत सांगण्यासारखं काय उरलं? त्यापेक्षा कंट्रोल बोर्ड गेला असं जाहीर करा. ‘बोर्ड बाहेरून मागवावा लागतो’ हे वाक्य लग्नाच्या पंगतीत फार शोभतं.

‘ओएच’ तर उन्हाळ्यात येणारच. अशा टबात पाणी साधारण 40 अंशांपर्यंतच तापवायचं असतं. इथे दुपारी सावलीतली हवाच त्याच्या पुढे. हीटर बंद, तरी पाणी तापतंय, आणि बिचाऱ्या यंत्राला वाटतं आपलंच काही चुकलं. रात्री झाकण उघडं ठेवलं तर पाणी निवेल. पण तुम्ही सेन्सर बदला. नवा सेन्सरही तेच सांगेल. मग तोही बदला.

आता खरं दुखणं: ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच, सारखा पडतो. 30 मिलिअँपिअरएवढा करंट जरी वाट चुकून जमिनीकडे निघाला, तरी हा डोळ्याचं पातं लवायच्या आत लाईन तोडतो. इतका हळवा स्वभाव आपल्याकडे चालत नाही. मेन बंद करून हीटरच्या वायरी सोडवल्या आणि मग ईएलसीबी टिकला, तर दोष हीटरच्या एलिमेंटमध्ये, हे जाणकाराला लगेच कळतं. बोअरच्या जड पाण्याने एलिमेंटवर क्षाराचा थर चढतो, ते आतल्या आत तापत राहतं, एक दिवस फुटतं आणि करंट पाण्यात उतरतो. त्याच पाण्यात तुम्ही उतरणार असता, हा तपशील सोडून द्या. गल्लीतल्या वायरमनला बोलवा. तो टेस्टर लावून एकदा बोर्डाकडे, एकदा तुमच्याकडे बघेल आणि म्हणेल, “टेन्शन नका घेऊ भाऊ, डायरेक्ट करी देतो.”

डायरेक्ट! म्हणजे मधलं संरक्षण काढून लाईन थेट जोडायची. खानदेशात या विद्येला तोड नाही. विहिरीवरचा स्टार्टर अडला, डायरेक्ट. तीनपैकी एक फेज गेला म्हणून सिंगल फेज प्रिव्हेंटर मोटार चालू देईना, डायरेक्ट. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात जळालेल्या मोटारींच्या रिवाइंडिंगची दुकानं उगाच चालत नाहीत.

अर्थिंगचा खड्डाही बघू नका. घर बांधताना मीठ-कोळसा घातलाय ना, झालं. उन्हाळ्यात तिथली माती कोरडीठाक पडते आणि कोरड्या मातीत गळका करंट नीट उतरत नाही, हे खरं. पण नळाला पाणी येतं कधी, त्यातलं बादलीभर खड्ड्यात ओतायचं? (टब भरायला टँकर बोलावला होता, ती गोष्ट वेगळी.)

संध्याकाळी व्होल्टेज बसलं की कॉन्टॅक्टर (हीटरची लाईन जोडणारा-तोडणारा स्विच) थरथरत खडखडतो. ऐकत बसा. डीपीवरचा, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवरचा, न्यूट्रल तुटला, तर मात्र 230 व्होल्टच्या जागी 400 च्या आसपासही मिळू शकतात. तेव्हा बोर्ड खरोखर जातो आणि पंगतीत सांगितलेलं तुमचं भाकीत खरं ठरतं.

सगळं डायरेक्ट झालं, दिवे लागले, पाणी उसळायला लागलं, की उरते फक्त चाचणी. आधी पाय कोणी घालायचा? हा मान वायरमनचा. त्याला आग्रह करा, टॉवेल द्या, भरीत-भाकरीचं आमिष दाखवा. तो “मला सर्दी आहे भाऊ” म्हणत पक्कड पिशवीत टाकील, आणि तुम्ही पैसे मोजून देईपर्यंत जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पोचलेला असेल.