खुलासा : मिनर्व्हाचं घुबड भविष्य सांगत नाही

'मिनर्व्हाचं घुबड अंधारातही पाहतं, म्हणजेच तत्त्वज्ञ पुढचा काळ आधीच ओळखतो, असं हेगेल म्हणतो' असा मजकूर सध्या फिरतो आहे. मिनर्व्हा ही रोमन लोकांची विद्येची देवी, ग्रीकांची अथेना; घुबड हा तिचा पक्षी. प्रतिमा जर्मन तत्त्वज्ञ हेगेलचीच, पण अर्थ नेमका उलटा लावलाय.

'फिलॉसॉफी ऑफ राइट' या पुस्तकाच्या 1820 सालच्या प्रस्तावनेत तो लिहितो, की हे घुबड संध्याछाया पसरू लागल्यावरच उड्डाण करतं. जग कसं असावं हे शिकवायला तत्त्वज्ञान नेहमी उशिराच पोचतं, हा तिथला मुद्दा. एखादं युग म्हातारं झालं की मगच ते समजतं. समजल्याने ते पुन्हा तरुण होत नाही. भविष्यवाणी तर सोडाच, ही तत्त्वज्ञानाच्या मर्यादेची जवळजवळ कबुलीच आहे.

मजकुरासोबतचं चित्रही चुकलंय. त्यात कानांवर तुरे असलेलं मोठं घुबड दिसतं. अथेनाचा पक्षी छोटा, बिनतुऱ्याचा, आपल्या पिंगळ्याचा सख्खा भाऊबंद. दोघांच्या प्रजातीचं (genus) शास्त्रीय नावच 'अथीनी'. प्राचीन अथेन्सच्या चार द्राख्मांच्या नाण्यावर तोच होता, आणि तेच नाणं आज ग्रीसच्या 1 युरोवर कोरलेलं आहे.

आणि हो, रोमन लोक घुबडाला सरसकट शहाणं मानत नसत. त्याचं ओरडणं त्यांना अशुभच वाटे.