माती उकरा, पण गोळ्या फेकू नका

पावसाळा सरला की तो मेसेज येतोच, यंदा फॅमिली ग्रुपवर तीनदा आला. "रोज 15 मिनिटं उघड्या हातांनी माती उकरा, मातीतला बॅक्टेरिया सेरोटोनिन (मूड सांभाळणारं मेंदूतलं रसायन) वाढवतो, डिप्रेशनच्या गोळ्या कायमच्या सुटतात, बेडरूममध्ये स्नेक प्लांट ठेवा, रात्रभर ऑक्सिजन." टेरेसवर माझ्या चाळीसेक कुंड्या आहेत त्यामुळे सगळ्यांना वाटलं मी लगेच अंगठा देणार.

आता बॅक्टेरिया. मायकोबॅक्टेरियम व्हॅके नावाचा जंतू मातीत असतो हे खरंय, पण 2007 चा ब्रिस्टल विद्यापीठाचा तो गाजलेला प्रयोग उंदरांवर होता, आणि त्यांना मारलेले जंतू टोचले होते, कुंड्या उकरायला नव्हतं लावलं. त्याआधी 2004 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटना केमोसोबत हेच टोचलं होतं, आयुष्य काही वाढलं नाही पण त्यांना जरा बरं वाटलं. यात डिप्रेशनच्या गोळ्या सुटल्याचं कुठाय?

उघड्या हातांचं म्हणाल तर धनुर्वाताचे जंतूही त्याच मातीत राहतात. गुलाबाची छाटणी याच दिवसात असते, काटा लागतोच, हाताला जखम असेल किंवा शुगर असेल तर हातमोजे घालाच.

स्नेक प्लांट रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेतो हे खरं, पण ऑक्सिजन बनायला उजेड लागतो हो, अंधारात कुठनं बनणार. घरातली झाडं हवा शुद्ध करतात असं नासाचं नाव घेऊन जे फिरतं तो 1989 चा प्रयोग बंद पेट्यांमधला, खिडक्या असलेल्या बेडरूममधला नाही.

आणि गोळ्या, ज्यासाठी हे लिहायला बसले. आमच्या मावशीने मेसेज वाचून परस्पर बंद केल्या, आठवड्यात चक्कर, झोप गायब, रडू. या गोळ्या डॉक्टर हळूहळू कमी करतात, मनाने सोडायच्या नसतात. डॉक्टरपर्यंत जायचा धीर होत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

मग बागकाम वाया का? अजिबात नाही. नेदरलँड्समध्ये 30 जणांना आधी मुद्दाम ताण दिला, मग अर्ध्यांना अर्धा तास बागकाम आणि अर्ध्यांना वाचन, कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन) दोन्हीकडे उतरलं पण बागेतल्यांचं जास्त. प्रयोग छोटा आहे, पण माझ्या अनुभवाशी जुळतो. माझ्या मते खरी गंमत ही की कुंडी उद्याचं एक काम देते, नवरात्रात घट बसवला की सकाळी उठल्या उठल्या कोंब किती वर आले ते बघायला आपण जातोच ना, तसंच.

ऑक्टोबर हीटमध्ये ऊन चढायच्या आत आटपा. पावसाने दाबून बसलेली माती खुरप्याने हलवा, मूठभर गांडूळखत घाला, जास्वंदीवरचा पांढरा पिठ्या ढेकूण ओल्या फडक्याने पुसा (हे काम मला का कोण जाणे सगळ्यात शांत करतं), पसरट ट्रेमध्ये मेथी टाका. मन फारच जड असेल त्या दिवशी नुसतं पाणी घाला, तेवढं बास.

मावशीच्या गोळ्या परत चालू झाल्यात, मेथी चार दिवसात वर आली. कोथिंबीर नाही उगवली अजून, धने न रगडता अख्खेच टाकलेत तिने.