‘कम्युनिटी कॉलेजात सोशिऑलॉजी म्हणजे दोन वर्षं पाण्यात’? जरा हिशोब मांडू

कॅलिफोर्नियातल्या मराठी पालकांमध्ये एक फॉरवर्ड फिरत असतो: “कम्युनिटी कॉलेज म्हणजे कुठेच प्रवेश न मिळालेल्यांची जागा. त्यात सोशिऑलॉजी घेतली तर दोन वर्षं पाण्यात, पुढे नोकरी नाही, फार तर समाजसेवा.” कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं सार्वजनिक कॉलेज; तिथून विद्यापीठात ‘ट्रान्सफर’ घेऊन बीए पूर्ण करता येतं. सोशिऑलॉजी म्हणजे समाजशास्त्र. एकेक दावा घेऊ.

“दोन वर्षं पाण्यात.” २०१०च्या कायद्याने आलेली ‘असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर’ (सोशिऑलॉजीत ‘एए-टी’) साठ सेमिस्टर युनिटांची, म्हणजे श्रेयांकांची, असते; क्युपर्टिनोच्या डी अँझासारख्या क्वार्टर पद्धतीच्या कॉलेजात नव्वद. ती असली की कॅल स्टेट या राज्य विद्यापीठात प्रवेशाची हमी मिळते आणि त्याच विषयात उरलेल्या साठ युनिटांत बीए होतं. हमी कॅल स्टेटची, हव्या त्या कॅम्पसची नव्हे. कम्युनिटी कॉलेजात राज्याच्या रहिवाशाला युनिटला ४६ डॉलर, म्हणजे साठ युनिटांचे २,७६०. वर्षं वाया जातात ती दोन चुकांमुळे. ‘एए-टी’ऐवजी कॉलेजची साधी ‘एए’ घेतली, की ही हमी नाही. दुसरी चूक स्टॅटिस्टिक्स शेवटच्या सत्रावर ढकलण्याची: रिसर्च मेथड्सला बऱ्याच ठिकाणी ते आधी लागतं, आणि एक सत्र लांबतं. कुठला कोर्स कुठल्या विद्यापीठात धरला जातो ते ‘असिस्ट’ या संकेतस्थळावर पहिल्याच सत्रात बघावं. यूसीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, सहा कॅम्पसांचा प्रवेशहमीचा ‘टॅग’ करार वेगळा, त्याचा अर्ज सप्टेंबरात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यात नाहीत.

“कुठेच प्रवेश न मिळालेल्यांची जागा.” प्रवेश सर्वांना खुला असतो, एवढंच खरं. बीएच्या पदवीवर नाव विद्यापीठाचंच येतं.

“नोकरी नाही.” इथे अर्धं खरं आहे. ‘सोशिऑलॉजिस्ट’ या हुद्द्याला बहुधा मास्टर्स लागतं आणि जागा मोजक्याच. पण बीएवाल्यांना प्रोबेशन अधिकारी, मनुष्यबळ, मार्केट रिसर्च ही दारं उघडी असतात, आणि तिथे विकली जाते ती प्रश्नावली आणि आकडे हाताळण्यातली सफाई. प्रश्नावलीत “बस आणि रेल्वेच्या सेवेवर समाधानी आहात का?” असं विचारलं, तर बस आवडणारा पण रेल्वेला कंटाळलेला माणूस उत्तर काय देणार? प्रश्न दोन करावे लागतात. तक्त्याच्या चौकटीत अकराच माणसं असताना “६४ टक्के” लिहिणं हीसुद्धा तशीच चूक. एक माणूस हलला की आकडा नऊ टक्क्यांनी हलतो. १९७२पासून चाललेल्या जनरल सोशल सर्व्हे या अमेरिकी सर्वेक्षणाची माहिती फुकट उतरवता येते. तिच्यावर केलेलं एक नीट विश्लेषण मुलाखतीत गुणपत्रिकेपेक्षा जास्त बोलतं. डॉक्टर व्हायचं असेल तरी हा विषय वाया जात नाही: २०१५पासून एमकॅट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या चारपैकी एका विभागात सुमारे तीस टक्के भाग प्राथमिक समाजशास्त्राचा आहे.

“फार तर समाजसेवा.” हा घोळ सगळ्यात महाग पडतो. समुपदेशन करणाऱ्या परवानाधारक क्लिनिकल सोशल वर्करला एमएसडब्ल्यू, म्हणजे सोशल वर्कमधली मास्टर्स पदवी, लागते. सोशल वर्कमधलीच मान्यताप्राप्त पदवी (बीएसडब्ल्यू) असेल तर अनेक ठिकाणी ती वर्षभरात उरकते. सोशिऑलॉजीचं बीए केलेल्याला त्याच एमएसडब्ल्यूला पूर्ण दोन वर्षं लागतात. तेच करायचं पक्कं असेल, तर ट्रान्सफर घेतानाच सोशल वर्क निवडावं.

महाराष्ट्रातून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांचा हिशोब मात्र वेगळा. ४६चा दर त्यांना नाही, सत्राला किमान बारा युनिटं घ्यावी लागतात आणि त्यांत ऑनलाइनचा एकच कोर्स, तीन युनिटांपर्यंत, मोजला जातो. शिवाय बीएनंतर कामाची परवानगी बारा महिन्यांची. साध्या सोशिऑलॉजीला स्टेमची, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांना मिळणारी, मुदतवाढ मिळत नाही.