जागा पडून नाहीये, दाजी

आज दुपारी ताईकडे जेवायला गेले होते. पुण्यात बालेवाडीला, चौदाव्या मजल्यावर. गॅलरीत उभं राहिलं की अख्खं शिवछत्रपती क्रीडासंकुल खाली दिसतं. जेवणं झाली, दाजी आणि त्यांचे दोन मित्र गॅलरीत पान खात उभे होते, आणि त्यातला एक सहज म्हणाला, "दीडशे एकर आहे ही जागा. बालेवाडीत! नुसती पडून आहे. वर्षातनं चार स्पर्धा, बाकी कुलूप. सरकारनं विकून तरी टाकावी, नाहीतर कॉन्सर्टवाल्यांना कायमची देऊन टाकावी." दाजींनी मान डोलावली.

मी तिथे काही बोलले नाही. ताईचं घर, पाहुणे आलेले. पण घरी येईपर्यंत डोकं ठणकत होतं, म्हणून आता लिहितेय.

पडून आहे म्हणजे काय हो? दुपारी तीन वाजता, मे महिन्याच्या उन्हात तुम्हाला ट्रॅकवर कोण दिसणार? सकाळी साडेपाचला बघा ना खाली. तेव्हा तुमचे पडदे ओढलेले असतात. त्या वेळी पोरं वॉर्मअप संपवून स्टार्ट मारत असतात.

माझं आणि या जागेचं नातं फार जुनं नाही आणि फार मोठंही नाही. मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली. आमच्या शाळेच्या मैदानावर मुरूम होता, एका कोपऱ्यात उतार होता आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी सर फक्की मारून लेन आखायचे. वारा सुटला की दुपारपर्यंत लेन गायब. नववीत असताना आठशे मीटरला माझी राज्यस्तरावर निवड झाली आणि आम्ही मुली सरांबरोबर एसटीनं बालेवाडीला आलो. संध्याकाळी पोचलो. स्पर्धा दुसऱ्या दिवशी. आम्ही लांबूनच तो लाल ट्रॅक बघत उभ्या. आत एक काका पाइपनं हिरवळीला पाणी मारत होते. त्यांनी विचारलं, कुठल्या गं पोरींनो? म्हटलं, माणच्या. मग म्हणाले, असल्या ट्रॅकवर पळलाय का कधी? आम्ही गप्प. ते म्हणाले, "चपला तिथंच काढा, माती लागते ट्रॅकला. आणि एक राउंड मारून घ्या. उद्या पहिल्यांदा पाय टाकलात तर पाय कसा उचलतोय तेच कळायचं नाही."

अनवाणी पळालो. त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. मुरमाची जमीन पाय ओढून घेते, सिंथेटिक ट्रॅक पाय परत देतो. पहिल्या वळणावर मला वाटलं मी पडणार, कारण पाऊल माझ्या अंदाजाच्या आधीच वर येत होतं. दुसऱ्या दिवशी मी हीटमध्येच, म्हणजे पहिल्याच फेरीत, बाहेर पडले. पण आज इतक्या वर्षांनी आठवतो तो तो राउंडच.

हे संकुल उभं राहिलं १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी. शरद पवार मुख्यमंत्री होते आणि सुरेश कलमाडींनी स्पर्धा पुण्याला आणल्या. कलमाडींबद्दल ज्याला जे बोलायचंय ते बोला, २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धांनंतर बोलण्यासारखं खूप आहे, तेही मान्य. पण म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवारात, जिथे तेव्हा आजूबाजूला शेतंच होती, तिथे अॅथलेटिक्सचा ट्रॅक, पोहण्याचे तलाव, नेमबाजीची रेंज, बॅडमिंटनचा हॉल, टेनिस कोर्ट आणि खेळाडूंना राहायला खोल्या, हे सगळं एका कुंपणात आणायचं हा विचार बरोबरच होता. आराखडा शशी प्रभूंचा, वानखेडे ज्यांनी केलं तेच. बाणेर-बालेवाडीचे भाव वाढले ते नंतर, दाजी. स्टेडियम आधी आलं, तुमचा टॉवर नंतर.

आणि काय काय झालं तिथे! २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा, ७१ देशांची मुलं आली होती, भारत पदकतालिकेत पहिला. २०१३ ची आशियाई अॅथलेटिक्स स्पर्धा चेन्नईत व्हायची होती. तिथे होऊ शकली नाही, तेव्हा पुण्यानं अंगावर घेतली आणि ऐन जुलैच्या पावसात पार पाडली. विकास गौडाचं थाळीफेकीतलं सुवर्ण आणि मुलींच्या चार गुणिले चारशे रिलेचं सुवर्ण याच मैदानातलं. आयत्या वेळी आशियाई स्पर्धा घेता आली, कारण मैदान तयार होतं. "पडून" होतं म्हणून. मग एफसी पुणे सिटीचं फुटबॉल, २०१४ ला फ्रान्सचा नामांकित फुटबॉलपटू त्रेझेगे इथे खेळून गेला. टेनिसमध्ये २०१७ ला डेव्हिस कप आणि २०१८ पासून काही वर्षं एटीपीची महाराष्ट्र ओपन, २०१९ ला खेलो इंडिया, २०२२ ला महिला आशिया कप फुटबॉलचे सामने. कबड्डीचे प्रो लीग सामने तर बॅडमिंटन हॉलमध्ये तुम्ही स्वतः बघून आलाय. पुणेरी पलटणचा टी-शर्ट अजून आहे तुमच्याकडे.

पण खरं सांगू, हे सगळं नसतं झालं तरी माझं म्हणणं हेच राहिलं असतं. स्पर्धा चार दिवसांची. बाकीचे जे दिवस तुम्हाला रिकामे दिसतात, त्या दिवसांसाठी स्टेडियम असतं. सराव प्रेक्षकांसमोर होत नाही.

स्वप्नील कुसाळे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा, शेतकऱ्याच्या नाही तर शिक्षकाच्या घरातला, तेव्हा रेल्वेत टीसी. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनला कांस्य. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत मिळवलं होतं, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक थेट ७२ वर्षांनी. तो सराव कुठे करायचा? तुमच्या गॅलरीतून दिसतं त्याच कुंपणाच्या आत, बालेवाडीच्या रेंजवर. त्या दिवशी तुमच्याच सोसायटीच्या ग्रुपवर तिरंगे आणि टाळ्या पडल्या होत्या ना? मग?

आता जे लिहितेय ते लिहिताना माझा हात थरथरतोय. जून २०२१ मध्ये याच संकुलात मोठ्या लोकांची बैठक होती आणि त्यांच्या गाड्या थेट ट्रॅकवर आल्या. फोटो सगळ्यांनी बघितले. क्रीडा आयुक्तांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. दिलगिरी ठीक आहे. पण आम्हाला, माणहून आलेल्या पोरींना, तिथे चपला काढायला लावल्या होत्या. आणि आम्ही आनंदानं काढल्या होत्या! पाण्याचा पाइप हातात धरलेल्या माणसाला ट्रॅकची किंमत कळत होती. गाडीच्या मागच्या सीटवरच्या माणसाला का कळत नाही?

सिंथेटिक ट्रॅक म्हणजे डांबराच्या थरावर चिकटवलेलं रबर असतं. जड वाहन फिरलं, वळलं, की ते खालून सुटायला लागतं. वरून काही दिसत नाही. पहिल्या पावसात पाणी आत शिरतं आणि फुगवटे येतात. मग तिथे पळणाऱ्या पोरीचा घोटा जातो. पहिली लेन सगळ्यात आधी झिजते म्हणून चांगले कोच सरावाला ती बंद ठेवतात, पोरांना बाहेरच्या लेनमध्ये पळवतात. इतकं जपतात. आणि तुम्ही म्हणताय कॉन्सर्टला द्या. कॉन्सर्ट म्हणजे स्टेजचे ट्रक, क्रेन, जनरेटर, खुर्च्या आणि हजारो माणसं. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर ऑक्टोबर २०२४ मध्ये मोठी कॉन्सर्ट झाली, त्यानंतर ट्रॅकवरचा कचरा आणि मोडलेलं सरावाचं सामान एका धावपटूनंच व्हिडिओ काढून दाखवलं.

हो, मैदानं नेहमीच इतर कामांना वापरली गेलीत. अंधेरीच्या क्रीडासंकुलात १९९६ ला मायकल जॅक्सन नाचून गेला, २०१४ ला वानखेडेवर मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला. देखभालीला पैसा लागतो आणि तो तिकिटांतून येतो, हेही मला कळतं. आणि कोविडमध्ये पिंपरीच्या अण्णासाहेब मगर स्टेडियमवर जम्बो हॉस्पिटल उभं राहिलं तेव्हा मी एक शब्द बोलले नाही, कोणीच बोलू नये. माणसं मरत असताना मैदान कसलं बघता. माझ्या नात्यातली एक बाई तिथून बरी होऊन घरी आली. त्या वेळी मोकळी, सपाट, पाणी-वीज असलेली एवढी मोठी जागा शहरात होती हे आपलं नशीब. तीही कोणाच्या तरी हिशेबात "पडून"च असेल.

आता जरा शांत झालेय. दाजी, तुम्ही वाईट माणूस नाही. माझ्या लग्नात रात्रभर जागलेले तुम्ही. तुम्हाला वरून जागा दिसते, माणसं दिसत नाहीत, एवढंच. आमच्या त्या राउंडमधली एक पोरगी आज पोलिसात आहे, एक क्रीडाशिक्षिका आहे. सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणामुळे गावाकडच्या कितीतरी घरांत पहिला पगार आलाय, आणि तो आणणारी पोरं अशाच कुठल्या तरी मैदानावर पहाटे पळालेली असतात. आमच्याच तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, फायनलला धावली. फायनलला! पी. टी. उषानंतर भारताची एकही मुलगी ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीत फायनलपर्यंत गेली नव्हती. माणदेशात तेव्हा फटाके वाजले होते.

तेव्हा कॉन्सर्ट करायच्याच असतील तर बाहेरच्या मोकळ्या जागेत करा, ट्रॅक आणि मधली हिरवळ सोडून. त्यातून येणारा पैसा ट्रॅकच्या आणि रेंजच्या खात्यावर जाऊ दे, आणि तो किती आला, कुठे गेला हे गेटवर फळा लावून लिहा. मैदान बंद ठेवायचं असेल तर पोरांना महिनाभर आधी सांगा, कारण सरावाचं वेळापत्रक एका दिवसात हलत नाही. सरावाची फी गावाकडून आलेल्या पोरांना परवडेल एवढीच ठेवा. आणि वाहन ट्रॅकवर नको म्हणजे नको, आतला माणूस कितीही मोठा असू दे. यातलं काहीही अवघड नाही.

माझ्या यादीतले बरेच जण गावाकडे शाळांत शिकवतात. तुमच्या पोरी स्पर्धेसाठी बालेवाडीला येणार असतील आणि राहायची सोय नीट नसेल, तर मला मेसेज करा. आमच्याकडे हॉलमध्ये सात-आठ जणी आरामात झोपतील. पहाटे चहा-पोहे मी करीन आणि आमच्या गाडीतून संकुलाच्या गेटपर्यंत सोडीन. फक्त आदल्या दिवशी संध्याकाळी उजेड असेपर्यंत पोचा, म्हणजे पोरींना ट्रॅकवर एक राउंड मारता येईल का ते गेटवर विचारता येईल.