मुंबई सुरक्षित, पण कुठल्या वहीप्रमाणे?

देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी काढणाऱ्या एनसीआरबीचा (राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग) वार्षिक अहवाल आला की व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलेली जुगलबंदी सुरू होते. मुंबईकर म्हणतात, आमच्या पोरी शेवटच्या लोकलने एकट्या घरी येतात. लंडनमधल्या चाकूहल्ल्यांच्या बातम्या टाकून वर विचारतात, तिकडे जाऊन काय मिळवलंत? लंडनमधले मराठी ग्रुप त्यावर मुंबईतल्या एखाद्या भीषण गुन्ह्याची लिंक चिकटवतात. दोन्ही बाजू एकाच तागडीत सोनं आणि भंगार तोलताहेत.

दोन शहरांची तुलना करायचीच असेल तर खुनाच्या आकड्यावर करावी. मृतदेह सहसा लपत नाही आणि नोंद टाळणं अवघड असतं. सुमारे 89 लाख वस्तीच्या लंडनमध्ये 2023 आणि 2024 या वर्षांत शंभराच्या थोडे वर खून झाले. मुंबईतला आकडाही गेल्या काही वर्षांत शंभर ते पावणेदोनशेच्या मध्येच राहिला आहे. म्हणजे दोन्हीकडे लाखामागे साधारण एक. चाकूच्या बातम्यांनी घाबरलेल्यांना आणि लंडनच्या शिस्तीने दिपलेल्यांना, दोघांनाही हे पचत नाही.

दर काढताना एक गंमत होते. एनसीआरबीच्या महानगरांच्या तक्त्यात मुंबईची लोकसंख्या 184.1 लाख धरलेली असते, तीही 2011 च्या जनगणनेची. हा आकडा ठाणे, कल्याण, नवी मुंबई, मिरा-भाईंदर पोटात घेणाऱ्या महानगराचा. मुंबई पोलीस आयुक्तांची हद्द मात्र दहिसर, मुलुंड, मानखुर्दला संपते आणि तेवढ्या भागात 2011 साली 124 लाख माणसं होती. समजा 130 खून झाले: 124 ने भागले तर दर 1.05 येतो, 184 ने भागले तर 0.7. एकही गुन्हा कमी न होता शहर एक तृतीयांशाने सुरक्षित!

खुनाच्या खाली उतरलं की आकडे गुन्ह्यांपेक्षा पोलीस ठाण्याच्या टेबलाबद्दल जास्त सांगतात. पार्किंगवरून कुणी कानाखाली मारली, तर साधी दुखापत म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम 115(2). गुन्हा अदखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, म्हणून नुसती नोंद, ‘एनसी’, लिहून मिळते. दखलपात्र गुन्ह्यांच्या तक्त्यात ती कधीच येत नाही. इंग्लंडमध्ये तोच प्रकार ‘व्यक्तीविरुद्ध हिंसा’ या सदरात मोजला जातो. जखम न झालेला हल्ला, पाठलाग, इतकंच काय धमकीचे मेसेजसुद्धा त्याच सदरात. ‘लंडनमध्ये हिंसक गुन्हे मुंबईच्या कितीतरी पट’ हे वाक्य जिथे जिथे फिरतं, तिथे ही कानाखाली एका बाजूला मोजलेली आणि दुसऱ्या बाजूला वहीत मिटलेली असते.

मोबाइलचं उदाहरण तर रोजचं. गर्दीत फोन गेला की ठाण्यात सल्ला मिळतो, ‘गहाळ लिहा, दाखला लगेच देतो.’ सिम बदलायला तो पुरतो, माणूस खूश होऊन निघून जातो आणि चोरी कागदावर घडतच नाही. अर्जात ‘गहाळ’ऐवजी ‘चोरीला गेला’ हा शब्द, वेळ, जागा, बिलाची प्रत आणि फोनची ओळख सांगणारे दोन्ही आयएमईआय नंबर घालायचे. हे नंबर खोक्यावरून घ्यायचे, कारण फोनच गेल्यावर ते दाखवणारं *#06# दाबणार कुठे? चोरी दखलपात्र आहे आणि दखलपात्र गुन्ह्याची एफआयआर घेणं बंधनकारक असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलं आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार हद्दीचं कारण देऊन परत पाठवता येत नाही. नकार मिळाला तर वरिष्ठांना टपालाने लेखी तक्रार आणि मग मॅजिस्ट्रेट. एक मेख मात्र आहे: 1 जुलै 2024 पासून 5,000 रुपयांखालच्या मालाची चोरी अदखलपात्र ठरू शकते. म्हणून किंमत बिलाप्रमाणे लिहावी.

फोन लोकलमध्ये गेला तर प्रकरण लोहमार्ग पोलिसांकडे, त्यांचं आयुक्तालयच वेगळं. प्लॅटफॉर्मवरचा चोर त्यांच्या खात्यात, स्टेशनबाहेरच्या स्कायवॉकवरचा शहर पोलिसांच्या. दारात उभ्या माणसाच्या हातावर रुळांकडेने काठी मारून फोन पाडणाऱ्या फटका गँगचं काय? दुखापत करून माल नेला तर ती जबरी चोरी, हिंसक गुन्ह्यांत जमा होणारी. नुसती ‘चोरी’ लिहिली की त्या यादीतून बाहेर. मनगट तेवढंच सुजलेलं असतं.

लंडनच्या पोलिसांची आरती ओवाळायचं कारण नाही. तिथे 2024 मध्ये एक लाखाहून जास्त फोन चोरीला गेल्याची नोंद झाली. घरबसल्या ऑनलाइन तक्रार करून गुन्ह्याचा क्रमांक मिळतो आणि बरेचदा काही दिवसांत ‘तपास बंद’चा निरोपही येतो. शिवाय पोलिसांच्या नोंदी विश्वासार्ह नाहीत म्हणून त्यांचा ‘राष्ट्रीय सांख्यिकी’ हा दर्जा 2014 मध्ये खुद्द तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणानेच काढून घेतला. पण त्यांच्याकडे दुसरी वही आहे. 1982 पासून घरोघरी जाऊन विचारलं जातं: वर्षभरात तुमच्याबाबतीत काय घडलं, पोलिसांना कळवलंत का? मुंबईत असे प्रयत्न 2015 आणि 2017 च्या सुमारास खासगी संस्थांनी केले, पण ते दरवर्षीचं सरकारी काम झालं नाही. माझ्या मते एनसीआरबीच्या यादीत कोलकाता अधिक सुरक्षित ठरतं म्हणून चिडण्याऐवजी मुंबईकरांनी हे सर्वेक्षण मागावं आणि प्रत्येक ठाण्याने महिन्याला किती एनसी लिहिल्या तो आकडाही.

मग शेवटच्या लोकलचा अनुभव खोटा का? मुळीच नाही. रात्री बारा वाजता दादरला फुलवाले, भजीवाले, टॅक्सीवाले जागे असतात, महिलांच्या डब्यात पोलीस असतो. लंडनच्या उपनगरात नऊनंतर फुटपाथवर कुत्रं दिसत नाही, म्हणून खुनाचा दर सारखा असूनही छातीत धडधड होते. मुंबईची सुरक्षितता म्हणजे वर्दळ. वर्दळ नसेल तिथे ती नसते. 2013 साली महालक्ष्मीसारख्या गजबजलेल्या भागात, शक्ती मिलच्या पडक्या आवारात, एका छायाचित्रकार तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला, तेव्हा ते भर संध्याकाळी दिसलं.

आणि ज्या वर्दळीने वाचवलं तीच मारतेही. उपनगरी रेल्वेवर 2023 या एका वर्षात 2,590 माणसं मेली. खुनांच्या पंधरापटीहून जास्त. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, तेव्हा चार दिवस चर्चा झाली. बाकीच्या मृत्यूंची नोंद होते एडीआर म्हणून, अपघाती मृत्यू. फटका चुकवताना तोल गेलेला माणूस, पाहणारं कुणी नसेल तर, याच वहीत जातो.