भाता कुठं फिरवायचा: एका फिरत्या मेसेजला उत्तर

गेल्या गणपतीपासून चिकोडी ते खानापूर सगळ्या भजनी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे कॉन्सर्टिना, म्हणजे हातात धरून भाता दाबत-ओढत वाजवायचं बटणांचं छोटं वाद्य, आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे तो मला अकरा जणांनी पाठवला. त्यातल्या तिघांनी खाली हसणारा चेहराही चिकटवला. मेसेज थोडक्यात असा: इंग्लिश कॉन्सर्टिना हे विलायती खेळणं आहे. भाता दाबला की एक सूर आणि ओढला की दुसरा, त्यामुळे सलग चाल वाजत नाही. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) येत नाही, म्हणून ओवी, जोगवा, अभंग त्यावर होऊच शकत नाहीत. खाली कॉर्ड (एकदम धरलेले तीन-चार सूर) लावले की लोकगीताचा बँडबाजा होतो. आणि शेवटी आवाहन: आपली मराठी चाल परक्या वाद्याच्या हाती देऊ नका, आपली पेटीच बरी.

यातलं एक वाक्य निम्मं खरं आहे, एक माझ्याच चुकीमुळे खरं ठरलं होतं, आणि बाकी सगळी गफलत आहे.

आधी भात्याचं बघू. दाबताना एक आणि ओढताना दुसरा सूर देणारी कॉन्सर्टिना असते, पण ती वेगळी. तिचं मूळ जर्मन, आणि तिच्याच पुढच्या जातीला अँग्लो म्हणतात. आपल्याकडं जत्रेत मिळणारा माऊथ ऑर्गन फुंकला की एक सूर, श्वास आत घेतला की दुसरा, तसाच तिचा कारभार. इंग्लिश कॉन्सर्टिनात एका बटणाला दोन्ही बाजूंनी एकच सूर. त्यासाठी प्रत्येक बटणामागे हवेनं थरथरून सूर काढणाऱ्या दोन बारीक धातूच्या पट्ट्या बसवलेल्या असतात, एक दाबण्यासाठी आणि एक ओढण्यासाठी. नेहमीच्या ट्रेबल कॉन्सर्टिनाला 48 बटणं, म्हणजे आत 96 पट्ट्या. मेसेज लिहिणाऱ्यानं बहुतेक अँग्लोचा व्हिडिओ बघितला आणि बिल इंग्लिशच्या नावावर फाडलं.

बिल भलत्याच्या नावावर फाटण्याची या घराण्याला तशी सवय आहे. वाद्य काढलं चार्ल्स व्हीटस्टन यांनी, लंडनमध्ये. 1829 सालचं त्यांचं पहिलं पेटंट तोंडानं फुंकायच्या एका छोट्या वाद्याचं होतं, पुढं 1844 साली कॉन्सर्टिनाचं पेटंट झालं. बारावीच्या भौतिकशास्त्रात 'व्हीटस्टन सेतू' शिकला असाल, तेच हे. (तो सेतू मुळात ख्रिस्टी नावाच्या दुसऱ्याच माणसाचा. व्हीटस्टननी तो लोकांपुढं आणला आणि नाव यांचं पडलं.) खेळण्याच्या आरोपाला फार वेळ देत नाही. जूलिओ रेगोंदी याच वाद्यावर मैफली करायचा आणि संगीतकार बर्नहार्ड मोलिकनं त्याच्यासाठी ऑर्केस्ट्रासोबतची रचना लिहिली. खेळण्यासाठी कुणी एवढा कागद खराब करत नाही.

आता वाजतं कसं ते सांगतो, कारण पुढची सगळी भांडणं त्यावर आहेत. षटकोनी वाद्य, मधे भाता, दोन्ही टोकांना बटणं. अंगठा चामड्याच्या फासात, करंगळी एका छोट्या धातूच्या पट्टीवर, मधली तीन बोटं वाजवायला. पांढरी एकचा, म्हणजे पेटीवर सप्तकाच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीचा, सा डाव्या हातात, रे उजव्या, ग परत डाव्या, म उजव्या, प डाव्या. सरगम अशी एकदा इकडं, एकदा तिकडं जाते. लहानपणी एकाच उखळात दोघी बायका आळीपाळीनं मुसळ मारताना बघितल्या असतील तर तीच लय. पेटीवर एक हात भात्यात अडकलेला असतो, इथं दोन्ही हात भाताही चालवतात आणि सूरही.

मींड येत नाही, हे कबूल. बटण आहे, ते एक तर दाबलेलं आहे नाहीतर सोडलेलं. पण मग 'आपली पेटीच बरी' हे कुठल्या तोंडानं म्हणायचं? पेटीवर तरी मींड कुठं येते? नेमका हाच आक्षेप घेऊन 1940 साली आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली होती, आणि ती सैल व्हायला 1971 उजाडलं. त्या बंदीतली पिढी आमच्या बेळगावात पेटी वाजवतच होती. पं. रामभाऊ विजापुरेंची पेटी ज्यांनी ऐकली, त्यांना मींड नसल्याची आठवण झाली असेल असं वाटत नाही.

आणि ओवीला मींड किती लागते ते बघा. माझी मावशी ऐंशीच्या पुढं आहे. घरातलं जातं आता तुळशीजवळ पालथं पडलंय, पण सुपात तांदूळ पाखडायला बसली की ओठ हलतात. तिची चाल चार, फार तर पाच सुरांत फिरते. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरण्यापेक्षा ती सुराला खालून हलकंसं टेकून वर येते, म्हणजे कण लावते. कण कॉन्सर्टिनावर छान येतो, कारण शेजारचा सूर दुसऱ्या हातात असतो. एका हाताचं बोट निसटता स्पर्श करून उठतं, तोवर दुसऱ्या हाताचा सूर लागलेला असतो. एकाच हातानं तेच करायला गेलं की खडखड होते.

खरी चूक माझी वेगळ्याच ठिकाणी होत होती. पहिल्यांदा तिची चाल बसवून तिच्यापुढं वाजवली, सूर एकही चुकला नव्हता. सूप हलवायचं न थांबवता ती म्हणाली, "मधीच का दम घेतोस रे? तिथं सासरचं नाव आहे की." मला कळेना. मग तिनं म्हणून दाखवलं. माझा भाता संपला की मी तो उलटा फिरवत होतो, आणि तो नेमका एका शब्दाच्या पोटात फिरत होता. सूर तोच राहिला तरी भाता फिरताना आवाजाला बारीकसा गचका बसतो, आणि त्या गचक्यानं शब्द दोन तुकडे होत होता. त्या दिवसापासून मी आधी ओवी कागदावर लिहितो, ती जिथं श्वास घेते तिथं पेन्सिलीनं उभी रेघ मारतो आणि भाता फक्त त्या रेघेवर फिरवतो. हे इंग्लिश कॉन्सर्टिनावर जमतं. अँग्लोवर भाता कधी फिरणार हे सूर ठरवतो. इथं ते मला ठरवता येतं.

जोगव्याचा मुद्दा मात्र मेसेजवाल्याला देऊन टाकतो. सौंदत्तीच्या डोंगरावर जोगती (यल्लम्माचा भक्त) चौडकं हे एका तारेचं वाद्य वाजवताना तार ताणत आणि सैल सोडत जातो, त्या दुबुक-दुबुकचा कुठलाच सूर जागेवर उभा राहत नाही, आणि गळा त्याच्या मागं जातो. धनगरी ओवीतली ती वर फेकलेली आरोळीही तशीच. मी दोन्ही करून बघितल्या, सोडून दिल्या. तिथं आपण ऐकत बसावं.

मेसेजमध्ये आणखी एक वाक्य होतं, बारा सुरांच्या पिंजऱ्यात लोकगीत गुदमरतं असं काहीतरी. गंमत अशी की हे वाद्य जन्मतः बाराचं नव्हतंच. एका सप्तकात 14 बटणं आहेत, कारण पांढरी दोनचा चढा सूर आणि पांढरी तीनचा उतरता सूर, जो पेटीवर काळी दोन या एकाच पट्टीत बसतो, त्याला इथं दोन स्वतंत्र बटणं आहेत. काळी चारचंही तसंच. सुरुवातीच्या वाद्यांत ही दोन बटणं खरोखरच वेगवेगळी लागायची, आणि त्यावरून बर्लिओझसारख्या संगीतकारानं कुरकुर केली होती. नंतर सगळ्यांसारखं यालाही समान अंतरात बसवलं, तेव्हा दोन्ही बटणं एकच बोलायला लागली. आजचा गंधार (ग) म्हणूनच सुमारे 14 सेंट (अर्ध्या सुराचे शंभर सेंट) चढा लागतो, तुमच्या पेटीवर लागतो तेवढाच. आतली सुराची पट्टी टोकाकडं घासली की सूर चढतो, मुळाकडं घासली की उतरतो. पेटी दुरुस्त करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. मी माझा एक गंधार असा उतरवून घेतलाय. फक्त एकच, कारण घासलेलं पितळ परत येत नाही.

अभंग वाजत नाहीत म्हणे. वाजतात. पण त्यात एक खरी अडचण आहे आणि ती मेसेज लिहिणाऱ्याला माहीतच नाही, म्हणून ती मीच सांगतो. आमची मंडळं बसतात काळी एकवर. कॉन्सर्टिनात मधल्या दोन ओळी पांढऱ्या सुरांच्या आणि कडेच्या दोन ओळी काळ्या सुरांच्या. काळी एकचा सा धरला की ग येतो पांढरी चारवर आणि म काळी तीनवर, आणि हे दोन्ही उजव्याच हातात, तेही एकमेकाला खेटून. उखळातल्या एका बाईनं मुसळ टाकून दिलं आणि दुसरीच दोन्ही घाव मारतेय असं होतं. द्रुत लयीत हात घसरतोच.

तोच अभंग अर्धा सूर चढवून पांढरी दोनवर आणला की सगळं सुरळीत. बिलावल राग घ्या, उजवा-डावा क्रम कुठंच मोडत नाही. भैरवी घ्या, कोमल रे डावीकडं, कोमल ग उजवीकडं, म डावीकडं, प उजवीकडं, कोमल ध डावीकडं, कोमल नी उजवीकडं. शेवटच्या भैरवीला तर बोटं स्वतःहून चालतात. हे मी कुठं शिकलो नाही, एका रात्री भजन संपल्यावर सतरंजीवर बसून बटणं मोजताना लक्षात आलं.

आता बँडबाजा. इथं मी गुन्हेगार आहे. पहिल्या वर्षी एका ओवीखाली मी तीन-तीन सुरांचे कॉर्ड लावून मंडळात वाजवली. मृदंगवाले मामा मान खाली घालून म्हणाले, "वरात आल्यागत वाटालंय." बरोबर होतं त्यांचं. सा-ग-प असा कॉर्ड धरला की त्यातला ग सगळं ठरवून टाकतो. मावशीच्या चालीतला ग कधी शुद्धाकडं, कधी कोमलाकडं कलतो, म्हणजे ती तो मुद्दाम उघडा ठेवते. मी खाली शुद्ध ग कोंबून तिचं दार लावून घेतलं होतं. आता मी मधला सूर काढून टाकतो. उरतात सा आणि प. कॉन्सर्टिनावर हे दोन सूर एकाच ओळीत लागून असतात, एकच बोट आडवं ठेवलं की दोन्ही लागतात. त्या खर्जाच्या घरघरीवर चाल सोडली की जात्यावर सोडल्यासारखी वाटते.

पण सोबत लावायचीच कशाला, असं कुणी म्हणेल. कारण वाद्यावर शब्द नसतात. मावशी एकच चाल चाळीस वेळा म्हणते आणि ऐकणारा कंटाळत नाही, कारण दर खेपेला माहेर, भाऊ, वाट, पाऊस काहीतरी नवं येतं. शब्द काढले की तिसऱ्या आवर्तनाला लोक फोन बघतात. म्हणून पहिली फेरी नुसती एकेरी ठेवतो. दुसरीला तोच सूर खालच्या सप्तकात, दुसऱ्या हातातून, कारण सप्तक बदललं की हातही बदलतो. तिसरीला सा-प. चौथ्या फेरीला मधल्या ओळीखाली काहीच नाही, शेवटी परत सा-प. याच्यावर गेलो की मामा मृदंगावरून मान हलवायचं बंद करतात, तेव्हा थांबतो.

राहिलं परकेपण. पेटीचंही पेटंट पॅरिसचं, अलेक्झांडर दबैं यांचं, 1842 सालचं. वयानं दोन्ही जवळपास सारख्या. एक आधी आली आणि माणसात मिसळली, एवढाच फरक. आणि 'मराठी चाल' म्हणजे नेमकी कुठली? मी गच्चीवर सराव करतो तेव्हा पलीकडच्या अक्का कधीकधी माझ्या चालीवर कन्नड शब्द गुणगुणतात. यल्लम्माचं गाणं आहे, त्यांच्या आईकडून आलेलं. मावशी म्हणते चाल आमची, अक्का म्हणतात त्यांची. दोघी एकमेकींना हळदीकुंकवाला बोलावतात आणि हा प्रश्न काढत नाहीत. कुमार गंधर्व जन्मले इथं सुळेभावीला, 1924 साली, घरची भाषा कन्नड. पुढं देवासला राहून त्यांनी माळव्याच्या बायकांच्या चाली उचलल्या आणि त्यांतून राग उभे केले. त्या बायकांनी परका माणूस आला म्हणून तोंड मिटून घेतलं नाही.

तेवढा मेसेज बाजूला ठेवून सांगतो, येत्या गुरुवारी आमचं मंडळ बसतंय. मी यंदा पांढरी दोन मागितलीय. मृदंग अर्धा सूर चढवावा लागेल म्हणून मामा कुरकुरतायत, आणि बुवा म्हणतात वरचा सा लागणार नाही. यावर कुणी मेसेज लिहिला तर मी स्वतः तो पुढं पाठवीन.